गरजू पाहिजे

डॉक्टरांनी रोजे बंद म्हणून सांगितलं, तेव्हा अम्मींनी घासाघीस सुरू केली.

"सगळे नाही, तर निम्मे?"

डॉक्टरांनी मान हलवली.

"बरं, शुक्रवारचे तेवढे."

"अम्मी, तुमचं इन्सुलिन चालू आहे. दिवसभर पोट रिकामं ठेवलंत तर चक्कर येऊन पडाल आणि तुमची ईद माझ्या दवाखान्यात होईल."

"पहिला आणि शेवटचा," अम्मी म्हणाल्या. "मधले तुम्ही घ्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणजे क्लेमसाहेब. हे काही त्यांचं जन्माचं नाव नव्हे, पण जन्माचं नाव आता बायकोसुद्धा घेत नसे. ते एका विमा कंपनीत होते. लोकांची जळलेली दुकानं, चोरीला गेलेल्या स्कूटरी आणि पाण्यात भिजलेली गोदामं आधी त्यांच्या टेबलावर येत आणि बराच काळ तिथंच राहत. खोटा क्लेम आपल्याला नुसत्या वासावरून कळतो, असं ते सांगत. खरा क्लेम कशावरून कळतो, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

दवाखान्यातून अम्मी तडक मशिदीच्या मौलानांकडे गेल्या. खालच्या कोर्टात हरलेला माणूस वरच्या कोर्टात जातो, तशा. मौलाना वयानं लहान, अंगानं किरकोळ आणि स्वभावानं थंड होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल डॉक्टरांच्या बाजूनं दिला.

"ज्यानं रोजा ठेवायला सांगितलं ना अम्मी, त्यानंच आजाऱ्याला सूट दिली आहे. ती घ्यायची. पुढेही जमण्यासारखं नसेल, तर एकेका रोज्यामागे एका गरजूला पोटभर जेवू घालायचं. त्याला फिदिया म्हणतात."

"त्याऐवजी पैसे दिले तर चालतात ना?" क्लेमसाहेबांनी घाईघाईनं विचारलं.

"चालतात," मौलाना म्हणाले.

"चालणार नाहीत," अम्मी म्हणाल्या.

मौलानांनी एकवार अम्मींकडे पाहिलं आणि या बाबतीत आपल्याला आणखी काही म्हणायचं नाही असं ठरवलं.

घरी आल्यावर अम्मींनी अटी सांगितल्या. स्वयंपाक त्या स्वतः करणार. जेवण रोजा सुटायच्या वेळेला, गरम असताना पोचायचं. माणसाच्या समोर बसून वाढायचं. "पैसे दिले की माणूस दिसत नाही. त्यानं खाल्लं का, त्याचं पोट भरलं का, मला कळायला नको?"

"पण अम्मी, तू कुठं फिरणार रोज?"

"मी नाही. तू."

क्लेमसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती शाळेत शिक्षिका होती आणि या क्षणी तिला तपासायच्या पेपरांत अचानक फार रस उत्पन्न झाला होता.

खरं म्हणजे क्लेमसाहेबांनी तेव्हाच 'बघू, करू' म्हणून विषय टोलवला असता. पण रमजान लागला आणि पहिल्याच दुपारी ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले, तर स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. आत अम्मी भिंतीकडे तोंड करून जेवत होत्या. एखाद्यानं दुसऱ्याच्या घरात शिरून खावं तशा. मुलगा दिसताच त्यांनी ताट पदराआड धरलं.

"लपवतेस काय? औषध आहे ते."

"औषध असतं तर कडू लागलं असतं," अम्मी म्हणाल्या. त्यांनी ताट धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं आणि मग म्हणाल्या, "तुला सांगू? भुकेचं काही नाही वाटायचं मला. पण दुपारी घरात कोणी नसायचं, माठ भरलेला असायचा, घसा कोरडा पडलेला असायचा, आणि तरी हात जायचा नाही. कोणी बघणारं नाही, कोणी विचारणारं नाही. त्या वेळी तो आणि मी, दोघंच असायचो घरात. आता महिना आलाय आणि मी त्यात नाही. फिदिया तरी नीट होऊ दे. नाहीतर मी सरळ रोजा ठेवते, मग व्हायचं ते होऊ दे."

शेवटचं वाक्य अम्मी साध्या आवाजात बोलल्या. त्या साध्या आवाजात बोलल्या की करतात, हे क्लेमसाहेबांना लहानपणापासून ठाऊक होतं. संध्याकाळी ते डबा स्कूटरला अडकवून गरजू शोधायला बाहेर पडले.

आता, गरजू माणूस शोधायला किती वेळ लागावा? एरवी सिग्नलला थांबलं तरी दोघंतिघं हात पुढे करतात. पण क्लेमसाहेबांना कसाही गरजू चालणार नव्हता. तो अस्सल हवा होता. सिग्नलवरचा एक त्यांना जास्त धडधाकट वाटला, पुलाखालचा एक सिगरेट ओढताना दिसला म्हणून बाद झाला. शेवटी बागेच्या फाटकापाशी एक वृद्ध गृहस्थ बसलेले दिसले. स्वेटरची कोपरं विरलेली, दाढी वाढलेली, नजर शून्यात. साहेबांनी स्कूटर लावली, घसा साफ केला आणि ऑफिसात विचारतात त्याच सुरात विचारलं,

"आपण गरजू आहात का?"

गृहस्थांनी शून्यातून नजर काढून त्यांच्याकडे वळवली. "कशासाठी?"

"जेवणासाठी. तुमच्यामागे कमावतं कोणी आहे का? राहता कुठं? घर स्वतःचं की भाड्याचं?"

गृहस्थ निवृत्त न्यायाधीश निघाले. बागेसमोरचा बंगला त्यांचा होता आणि स्वेटर त्यांच्या दिवंगत पत्नीनं विणलेला असल्यामुळे ते दुसरा घालत नसत. हे सगळं त्यांनी क्लेमसाहेबांना बसल्या जागेवरून, न थांबता आणि कायद्याच्या भाषेत समजावून सांगितलं. समजावणं चालू असतानाच बांग झाली. क्लेमसाहेबांनी खिशातला खजूर तोंडात टाकून उभ्या उभ्या रोजा सोडला आणि उरलेलं ऐकून घेतलं. डबा तसाच परत आला, तेव्हा अम्मी म्हणाल्या, पहिला दिवस म्हणून सोडते, पुन्हा नाही.

न्यायाधीश हे सोसायटीच्या चेअरमनचे सख्खे मेहुणे होते, हे दुसऱ्या दिवशी कळलं. चेअरमन सकाळीच दारात हजर. आधी मेहुण्याच्या वतीनं ते नाराज झाले. मग प्रकरण समजल्यावर नाराजी सोडून त्यांनी सल्ला द्यायला घेतला, कारण त्यात त्यांना जास्त गोडी होती.

"विचार उत्तम आहे. पण मला विचाराल तर गरीब लांबचा धरा. जवळचा गरीब पुढे ओळख दाखवतो. शिवाय इमारतीत आणू नका, पार्किंगचा प्रश्न आहे."

"गरिबाला कसलं पार्किंग?"

"आज नाही. पण परिस्थिती सुधारली की?"

वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी जिन्यातच भेटले. त्यांचं म्हणणं, ओळखपत्राची प्रत घेतल्याशिवाय कोणालाही घास देऊ नका. समोरच्या काकूंनी मात्र कामाचं नाव सुचवलं. कोपऱ्यावरचा शिंपी. तयार कपड्यांचं मोठं दुकान शेजारी उघडल्यापासून त्याच्या मशीनवर मांजर झोपलेलं असतं, म्हणाल्या.

शिंप्यानं डबा घेतला. पोटभर जेवला, अम्मींना दुवा दिली. क्लेमसाहेब घरी आले ते जवळजवळ उडत. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी दारात. "फुकटचं आपल्याला पचत नाही, साहेब. काहीतरी शिवायला द्या." क्लेमसाहेबांनी नको नको म्हणत एक पँट दिली. ती कमरेला घट्ट होऊन परत आली, कारण शिंप्याचं मत पडलं की रमजानात माणूस उतरतो. तिसऱ्या दिवशी दुसरी पँट गेली. मग तिसरी. शिंपी दिलदार होता, नुसत्या कमरेवर थांबत नसे. तो पायाची मोहरीही आवळी. काही दिवसांत अशी वेळ आली की साहेब सगळ्या पँटींमध्ये उभे राहू शकत, पण स्कूटरवर बसायला फक्त एकाच पँटीत जमे. शेवटी शिंप्यानंच विचारलं, "आणखी काही आहे का?" नाही म्हटल्यावर त्यानं डबा हातानं मागे सारला. "मग माफ करा. कामाशिवाय नाही खाणार."

"त्याचं बरोबर आहे," बायको म्हणाली. "तुमच्या पँटींचं काय ते बघा."

मग क्लेमसाहेब रीतसर मार्गानं जायचं म्हणून बेघरांच्या निवाऱ्यात गेले. तिथल्या अधीक्षक बाई भल्या होत्या, पण त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यातला सगळा महिना लाल शाईनं भरलेला होता.

"या महिन्यात जागा नाही हो. सगळे दिवस गेले. काही ठिकाणी तर एका दिवशी तिघांची जेवणं आहेत. काल आमच्या दोघा आजोबांना अपचन झालं. पुढच्या महिन्यात या ना. तेव्हा इकडे कोणी फिरकत नाही."

"पण माझे रोजे या महिन्यातले आहेत."

"त्यांची भूक बाराही महिन्यांची आहे," बाई म्हणाल्या आणि कॅलेंडरकडे हात करून हसल्या.

त्या संध्याकाळी डबा जसाच्या तसा घेऊन क्लेमसाहेब परतीच्या वाटेला लागले, तेव्हा त्यांना अम्मी दारात उभ्या दिसायला लागल्या. 'कोण जेवलं?' असं विचारणाऱ्या. आणि 'कोणी नाही' म्हटल्यावर शांतपणे 'बरं' म्हणणाऱ्या. त्या 'बरं'नंतर पहाटे सहरीला अम्मी सगळ्यांबरोबर ताटावर बसणार, दिवसभर तोंडात काही घालणार नाहीत, आणि पुढचं डॉक्टर सांगून चुकले होते. साहेबांनी स्कूटर वळवली आणि ऑफिसमागच्या गल्लीत कॅशियरकडे नेली.

ऑफिसातला कॅशियर एकटा राही आणि खानावळीत जेवे. आपल्या खानावळीचं वर्णन तो इतक्या मनापासून करी की ऐकणाऱ्यालाही जळजळ व्हावी. साहेबांनी अडचण सांगताच तो म्हणाला, "तुमच्या अम्मींच्या हातचं? साहेब, माझ्याइतका गरजू तुम्हाला गावात सापडणार नाही."

कॅशियर गालांनी गोल होता, बोटात अंगठी होती. पण डबा गरम होता आणि सूर्य कोणासाठी थांबत नाही. एक गोष्ट मात्र त्याची मानायला हवी. बांग होईपर्यंत तो डब्याला हात लावत नसे. "तुम्ही समोर सुकत बसलाय आणि मी जेवू? घास उतरायचा नाही," म्हणे. बांग झाली की घास फार वेगानं उतरत.

घरी अम्मी विचारत. "कोण होता आज?"

"एक म्हातारा."

"दात आहेत का त्याला?"

"थोडे."

"मग उद्या भाजी मऊ करते. एकटाच असतो?"

खोट्या क्लेमची खूण काय, तर त्यात तपशील फार असतो. खऱ्या माणसाला काही आठवत नाही. खोटा माणूस आग लागली तेव्हा रेडिओवर काय लागलं होतं तेही सांगतो. नव्या कारकुनांना हे शिकवणारे क्लेमसाहेब आता स्वतःच तपशील पुरवायला लागले. म्हाताऱ्याला एक मुलगी झाली, ती लग्न होऊन दूर गेली, तिचा फोन येईनासा झाला. त्याचा उजवा गुडघा दुखायला लागला. अम्मींनी गुडघ्यासाठी तेल काढून दिलं. ते कॅशियरनं स्वतःच्या गुडघ्याला लावलं आणि खरोखर गुण आला म्हणून निरोप पाठवला. अम्मींचा चेहरा दिवसेंदिवस उजळत चालला. त्या दुपारी दार उघडं ठेवून जेवायला लागल्या.

क्लेमसाहेबांचा चेहरा मात्र उतरत होता. एकदा नमाजनंतर त्यांनी मौलानांना बाजूला घेतलं. "समजा, एखाद्यानं गरजूऐवजी मित्राला जेवू घातलं, तर?"

"फार चांगलं," मौलाना म्हणाले. "मित्राला जेवू घालावंच. पण तो फिदिया नव्हे. ती मेजवानी." मग विचारलं, "कोणाच्या आईची गोष्ट आहे ही?"

"ऑफिसात आहे एक," साहेब म्हणाले. ते खोटं नव्हतं.

या सगळ्याचा राग ऑफिसात निघे. रोज्यात जीभ सांभाळायची असते. साहेब जीभ सांभाळत आणि लेखणी मोकळी सोडत. त्या महिन्यात त्यांनी घेतलेल्या हरकती पाहून मॅनेजरही चकित झाले. सगळ्यांत सुंदर हरकत, असं साहेबांचं स्वतःचं मत, इस्त्रीवाल्याच्या क्लेमवरची होती. त्याचं इस्त्रीचं दुकान शॉर्टसर्किटनं जळलं होतं. पॉलिसीत हिरव्या शटरचं दुकान लिहिलेलं आणि जळक्या फोटोत शटर निळं. 'दुकान तेच आहे याची खात्री पटत नाही,' असा शेरा मारून साहेबांनी तो जेवणाच्या सुट्टीत वाचूनही दाखवला होता. इस्त्रीवाला सांगत होता की रंग उडाला म्हणून घरात उरलेला निळा मारला. साहेब सांगत होते, उद्या या. तो बिचारा रोज येत होता आणि बाहेरच्या बाकावर बसून जात होता.

आणि मग एका संध्याकाळी अम्मींनी जाहीर केलं, "शेवटच्या शुक्रवारी मी येणार. माझ्या हातानं वाढणार त्या म्हाताऱ्याला. ईदचं आमंत्रणही देते."

  खोलीत गेल्यावर क्लेमसाहेबांनी बायकोला सगळं सांगून टाकलं.

"कॅशियरभावोजींना उभं करणार?" ती म्हणाली. "अहो, त्यांना गरीब दाखवायचं तर आधी दोन महिने उपाशी ठेवावं लागेल."

पण कॅशियर हौशी होता. शिपायाचा जुना शर्ट मागून घेतो, लंगडतो, सगळं बरोबर करतो, तुम्ही काळजी करू नका, म्हणाला. तेव्हापासून साहेबांची काळजी दुप्पट झाली.

शेवटच्या शुक्रवारी साहेब दुपारी बाकासमोरून जात होते. इस्त्रीवाला नेहमीसारखा बसला होता. रोज बघूनही साहेबांनी त्याला आज पहिल्यांदा पाहिलं. म्हातारा, दात थोडे, बसताना एक पाय सरळ केलेला. आपण इतके दिवस रचत होतो तो माणूस आपल्याच दारात बसलेला बघून ते एकदम थांबले.

"तुमचं जेवण झालं का?"

"पाणी प्यायलो."

"संध्याकाळी तुमच्यासाठी घरून डबा मागवला तर? माझी आई—"

"डबा नको, साहेब," इस्त्रीवाला म्हणाला. आवाज चढला नव्हता. "सही द्या."

साहेब आत गेले. इस्त्रीवाल्याची फाईल काढून आपला सुंदर शेरा त्यांनी पुन्हा वाचला. त्यांच्या घराच्या दाराचा रंग मागच्या वर्षी बदलला होता, आणि घर तेच होतं. त्यांनी हरकत मागे घेत असल्याचं लिहिलं आणि उठले. पण घेतलेली हरकत मागे घ्यायची तर मॅनेजरांसमोर जाऊन कारण सांगावं लागे. कारकून लोक ओळखीखातर हरकती परत घेतात, म्हणून हा नियम झाला होता. तो सुचवला होता क्लेमसाहेबांनीच.

"मोठे साहेब मीटिंगमध्ये आहेत," शिपाई म्हणाला. "बसा."

"मी माझ्या टेबलावर आहे. बोलवा."

"बोलावलं आणि तुम्ही नसलात तर नंबर जातो. बाकावर बसा."

इस्त्रीवाल्यानं सरकून पंख्याखालची जागा दिली. साहेब आवळलेल्या पँटीत बेतानं बसले. एक तास गेला, दुसरा गेला. आतून हसण्याचा आवाज येई, चहा आत जाई, रिकामे कप बाहेर येत. साहेबांनी तीनदा उठून विचारलं. तिसऱ्यांदा शिपाई म्हणाला, "आज कठीण दिसतंय. उद्या या ना." बोलून गेल्यावर त्यानंच जीभ चावली. इस्त्रीवाला जमिनीकडे बघत होता, पण त्याच्या मिशा हलल्या.

"पाणी आणू का तुम्हाला?" त्यानं थोड्या वेळानं विचारलं. "चेहरा सुकलाय."

"नको. रोजा आहे."

"माझाही असल्यासारखाच आहे," इस्त्रीवाला म्हणाला. "फक्त माझा सुटायची वेळ तुमच्या हातात आहे."



इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. साहेब घ्यायला आले नाहीत म्हणून अम्मी सुनेला घेऊन रिक्षानं थेट ऑफिसातच आल्या होत्या. सुनेच्या हातात मोठा डबा. त्याच क्षणी दुसऱ्या बाजूनं, ठरल्या ठिकाणी जायला नटून निघालेला कॅशियर उगवला. अंगात शिपायाचा फाटका शर्ट, डोळ्यांवर सोनेरी काडीचा चष्मा, डावा पाय लंगडत.

"हे का ते?" अम्मींनी विचारलं.

"अम्मी, तुमच्या तेलानं गुडघ्याला फार आराम पडला," कॅशियर कापऱ्या आवाजात म्हणाला.

"पण दुखत उजवा होता ना?"

कॅशियरनं तत्परतेनं पाय बदलला.

सून भिंतीवरचं विम्याचं पोस्टर वाचायला लागली. अम्मींनी कॅशियरचे गाल बघितले, चष्मा बघितला, मग सावकाश मुलाकडे बघितलं. अजूनही निभावून नेता आलं असतं. चष्मा दान मिळालाय म्हणता आलं असतं. पण साहेब दोन तास बाकावर बसले होते आणि त्यांच्यातला तपशील संपला होता.

"अम्मी," ते म्हणाले, "क्लेम खोटा आहे."



"मग इतके दिवस जेवलं कोण?" अम्मींनी विचारलं.

"मी, अम्मी," कॅशियर आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला. "सगळं फार छान होतं. मीठ दोनदा जास्त झालं, पण सांगायची सोय नव्हती."

अम्मी बाकावर बसल्या. रागावल्या असत्या तर साहेबांना बरं वाटलं असतं. त्या नुसत्या डब्याकडे बघत होत्या. "म्हणजे शिंप्याचे तेवढे सोडले तर माझे सगळे बाकी आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "मी आपली दार उघडं ठेवून जेवत होते."

साहेब त्यांच्यासमोर खाली बसायला गेले, पण पँट गुडघ्यात वाकू देईना. ते अर्धवट वाकलेलेच राहिले. "तू रोजा ठेवशील म्हणून घाबरलो गं. दुसरं काही नाही."

अम्मींनी शेजारी पाहिलं. "आणि हे कोण?"

"हे खरे आहेत," साहेब म्हणाले. "पण ते घेत नाहीत."

"का हो?" अम्मींनी इस्त्रीवाल्याला विचारलं.

"आपण कोणाचं फुकट खात नाही, अम्मी. मी इथं माझ्या हक्काचं मागायला येतो."

"फुकट कुठं देतेय मी? माझं ऐका. जवळजवळ महिनाभराचे रोजे आहेत माझ्या डोक्यावर. शरीरानं फेडता येत नाहीत. कोणी गरज असलेला माणूस समोर बसून जेवला, तरच मी सुटते. आणि हा माझा मुलगा, एवढा मोठा साहेब, त्याला गावात असा एक माणूस मिळाला नाही. आता तुम्हीच सांगा, अडलेलं कोण आहे इथं?"

इस्त्रीवाल्यानं विचार केला. घाई केली नाही. मग त्यानं कपड्याला हात पुसले आणि म्हणाला, "तुमचं अडलं असेल, तर बसतो."

बाकावर कागद पसरले. बांग झाली. खजूर फिरले. अम्मींनी आपल्या हातानं वाढलं आणि इस्त्रीवाला खाली मान घालून जेवला, जोरात नाही, पण थांबलाही नाही. कॅशियर भिंतीला टेकून आशेनं उभा होता. अम्मींनी त्यालाही वाढलं. "तुमचं हिशोबात धरणार नाही," त्या म्हणाल्या. "पण जेवा."

एवढ्यात मॅनेजर दार उघडून बाहेर आले. समोर पंगत. ऑफिसची वेळ संपली आहे, असं काहीतरी म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, तोच अम्मींनी त्यांच्या हातात बशी दिली. मॅनेजरांनी आजूबाजूला बघितलं आणि बसले. क्लेमसाहेबांनी तोंडातला घास गिळून फाईल पुढे केली आणि कारण सांगितलं.

"शटर रंगवलं होतं? एवढंच?" मॅनेजर म्हणाले. "मग हरकत घेतली कोणी?"

"मी."

मॅनेजरांनी डाव्या हातात बशी धरून उजव्या हातानं सही केली.

राहिलेल्या रोज्यांचं काय, ते मौलानांनी सोडवलं. एकाच माणसाला पुष्कळ दिवस जेवू घाला, नाहीतर पुष्कळ माणसांना एकाच दिवशी, दोन्ही चालतं, म्हणाले. अम्मींनी दोन्ही करायचं ठरवलं. ईदच्या दिवशी इस्त्रीवाला सहकुटुंब आला. बायको, मुलगे, सुना, नातवंडं, आणि आगीनंतर ज्यांचं काम सुटलं होतं ते दुकानातले दोघे आपापल्या घरच्यांसकट. खुर्च्या पुरेनात. चेअरमननी आपल्या घरच्या आणून दिल्या आणि त्या मोजून परत नेण्यासाठी स्वतः थांबले. थांबल्यावर त्यांनाही जेवावं लागलं. नमाजहून आलेले क्लेमसाहेब नव्या, सैल कपड्यांत वाढत होते. प्रत्येकाची गळाभेट झाली. इस्त्रीवाल्यानं मिठी मारली ती जरा जास्त वेळ टिकली आणि दोघांनाही त्यात अवघडल्यासारखं झालं.

क्लेमची रक्कम अजून वरच्या ऑफिसात अडकली होती, पण निदान तिथं पोचली होती. जेवणं उरकल्यावर अम्मी इस्त्रीवाल्याशेजारी येऊन बसल्या. चेहऱ्यावर रोजा सुटल्यानंतरचं समाधान होतं, फक्त या खेपेला दुपारी.

"पुढच्या वर्षीही तुम्हीच यायचं हं," त्या म्हणाल्या. "आता दुसरं कोणी शोधायला नको."

इस्त्रीवाल्यानं मान हलवली. "नाही जमणार, अम्मी. पुढच्या वर्षी माझं दुकान चालू असेल. तेव्हा मी येईन तो पाहुणा म्हणून. तुमच्या रोज्यांना नाही चालायचो मी."

अम्मींनी यावर विचार केला. त्यांना ते पटलं, आणि आवडलंही. त्यांनी वाढप्याच्या भूमिकेतल्या आपल्या मुलाकडे मान वळवली.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या. "आतापासूनच बघायला लाग."